रावपुऱ्यातलं शंभरीपार घर: कौलापासून जोत्यापर्यंत दुरुस्ती कशी करावी

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार आणि मांडवीच्या आसपास एकोणिसाव्या शतकातली जी घरं अजून रस्त्याला तोंड देऊन उभी आहेत, त्यांची बांधणी साधारण एकसारखी असते. खाली जोतं आणि ओटा. त्यावर चुन्यात किंवा मातीत रचलेल्या जाड विटांच्या भिंती, आणि त्या भिंतींत ठरावीक उंचीवर आडवे घातलेले लाकडी पट्टे. आत तळखड्यांवर, म्हणजे पायथ्याच्या दगडांवर, उभे सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांची जमीन. रस्त्याच्या बाजूला कोरीव मदळांवर, म्हणजे लाकडी टेकूंवर, पुढे आलेला सज्जा, आणि सगळ्यावर कौलं.

या घरांचा पहिला शत्रू पाणी. दुसरा सिमेंट, कारण तो पहिल्याला भिंतीत कोंडून ठेवतो. दुरुस्तीचं कोणतंही काम काढताना एकच प्रश्न विचारायचा: यामुळे पाणी बाहेर पडायची वाट मोकळी होते की बंद होते? बंद होत असेल, तर ते काम कितीही पक्कं दिसलं तरी करू नये.

क्रम आणि महिने

"आधी कळस मग पाया" ही एरवी चुकीच्या क्रमाची म्हण, पण जुन्या घराची दुरुस्ती खरोखर वरूनच सुरू होते. छप्पर गळत असताना खालची भिंत लिंपणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आधी कौलं, मग पन्हळी, मग सज्जा आणि लाकूड, मग भिंती, शेवटी फरशी आणि रंग.

पाहणी मात्र पावसात करायची. पहिला जोराचा पाऊस पडत असताना बॅटरी घेऊन माळ्यावर जा आणि जिथून थेंब येतो तिथे वाशावर खडूने खूण करा. पाणी वाशावरून ओघळत दोन-तीन हात खाली येऊन मग टपकतं, त्यामुळे डाग दिसतो ती जागा आणि गळती असते ती जागा वेगळी असते. कोरड्या दिवसात हे शोधता येत नाही. त्याच पावसात रस्त्यावर उभे राहून पागोळ्या कुठे पडतात तेही बघा. सरळ ओट्याच्या कडेबाहेर पडतात, की सज्जाच्या लाकडावर, की भिंतीवर?

कामाचे महिने असे धरा. शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा रचणं, एप्रिल-मेमध्ये. चुन्याचा गिलावा दिवाळी ते फेब्रुवारी. भिंतीवरचं जुनं सिमेंट काढायचं असेल तर होळीनंतर, म्हणजे विटांना पूर्ण उन्हाळा सुकायला मिळतो. जूनआधी उघड्या विटांवर चुन्याच्या पातळ सफेदीचे दोन हात मारून ठेवा आणि गिलावा दिवाळीनंतर करा. यात घर जवळजवळ वर्षभर अर्धवट दिसतं आणि घरच्यांची कुरकुर होते, पण ओल्या विटांवर घाईने चढवलेला गिलावा दुसऱ्याच पावसाळ्यात सुटतो.

आणखी एक तारीख बडोद्याची खास आहे. उत्तरायणाचे दोन दिवस, १४ आणि १५ जानेवारी, अख्खी गल्ली छपरांवर असते. पतंगाच्या मागे धावताना फुटलेली आणि सरकलेली कौलं जूनपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाहीत. १६ तारखेला छप्पर नजरेखालून घाला, आणि कौलांत व पन्हळीत अडकलेला मांजा काढून टाका. त्या गुंत्यात पानं साठतात आणि पन्हळ तुंबते.

कामावर येणारे गवंडी आणि सुतार बहुधा गुजराती बोलणारे असतात. आपलं आढं म्हणजे त्यांचा मोभ, कौलं म्हणजे नळियां, तुळई म्हणजे पाटडो, ओल म्हणजे भेज, वाळवी म्हणजे ऊधई, आणि विटांवर फुलून येणारा क्षार म्हणजे लूणो. अंदाजपत्रक लिहून घेताना दोन्ही शब्द लिहा. "पाटडो बदलायचा" हे वाक्य न कळून मान डोलावली, तर चांगली तुळई निघून तिथे लोखंडी गर्डर येतो.

छप्पर

सगळं छप्पर एकदम उघडू नका. दोन वाशांमधला पट्टा घ्या, कौलं ओळीनुसार उतरवा आणि त्याच ओळीने रचा. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द वाजलं तर त्यात चीर आहे, डोळ्यांना दिसत नसली तरी.

नळीची देशी कौलं असतील तर एकावर एक किमान ८ ते १० सेंटिमीटर चढली पाहिजेत. मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, तुटीसाठी दहा टक्के जास्त घ्या. विकत घ्यायला जाताना जुनं कौल सोबत न्या. कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, आणि एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. दोन प्रकारची कौलं एका उतारावर मिसळली की सांध्यांत फट राहते आणि वाऱ्याबरोबरचा पाऊस आत येतो. मिसळायचीच वेळ आली तर रस्त्याकडचा पूर्ण उतार एका जातीचा करा आणि घरामधल्या उघड्या चौकाकडचा दुसऱ्या.

रिपांमधलं, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधलं, अंतर आपल्या कौलावर मोजून ठरवा. आधी दोन रिपा मारून चार कौलं बसवून बघा, मगच पुढच्या मारा. आढ्यावरची कौलं चुना-वाळूच्या मसाल्यात बसवा. सिमेंटमध्ये बसवली तर उन्हात कौल आणि सिमेंट वेगवेगळे हलतात, केसाएवढी चीर पडते, आणि त्या चिरेतून आत गेलेलं पाणी आढ्याच्या लाकडावर थांबतं. कौलांवर डांबराचा कागद चिकटवणं किंवा कौलांखाली प्लॅस्टिक ताणून बसवणं हा इलाज एक-दोन पावसाळे टिकतो. त्यानंतर वासे खालून भिजू लागतात, कारण आतली वाफ वर जाऊन प्लॅस्टिकला लागते आणि तिथेच थेंब होते.

पन्हळीला दर मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार हवा. खाली येणारा नळ भिंतीपासून बोटभर दूर, कड्यांवर धरलेला असावा. भिंतीला चिकटलेला नळ मागच्या बाजूने फुटला तर दोन वर्षं कळत नाही. नळाचं तोंड जोत्यापासून निदान ६० सेंटिमीटर लांब सोडा.

चौकावर पारदर्शक पत्रा टाकायची हल्ली रीत झाली आहे. टाकायचाच असेल तर तो कौलांच्या कडेपेक्षा निदान दीड फूट वर उचला आणि चारी बाजू उघड्या ठेवा. चौक म्हणजे घराचं धुराडं. ते बंद केलं की माजघराच्या भिंतींना बुरशी धरते आणि उन्हाळ्यात वरचा मजला राहण्यासारखा उरत नाही.

एक गोष्ट छपराजवळचीच. १,००० लिटरची टाकी भरली की एक टनाहून जड होते. ती जुन्या कडीपाटावर ठेवू नका, "भिंतीच्या कडेला ठेवली आहे" या समजुतीवरही नको. तिच्यासाठी जमिनीपासून वेगळा आधार उभा करा.

रस्ता वर आला आणि घर खाली गेलं

आपल्या ओट्याच्या पायऱ्या मोजा. सगळ्यात खालची पायरी अर्धीच दिसत असेल, तर उरलेली डांबराखाली आहे. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर असं वर्षानुवर्षं झालं की रस्ता जोत्याच्या बरोबरीला येतो आणि पावसाचं पाणी ओट्याकडे वळतं. रस्त्याचं काम निघणार असेल तेव्हा गल्लीतल्या सगळ्या घरांनी मिळून महानगरपालिकेकडे लेखी मागणी करा की आधी जुना थर खरवडावा. एकट्याच्या अर्जापेक्षा वीस सह्यांचा कागद कामाचा.

आपल्या हद्दीत करण्यासारखं एवढं आहे: भिंतीलगतची माती आणि फरशी आतल्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली घ्या, तिथे हातभर रुंदीचा खडीचा पट्टा करा, आणि उतार घरापासून बाहेर ठेवा. पायाच्या तळाएवढं खोल कधीही खणू नका. जोत्याखाली काळी माती असेल तर भिंतीलगत झाड लावू नका. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि मुळं त्यात भर घालतात.

ओट्याला आणि दर्शनी भिंतीच्या खालच्या भागाला ग्रॅनाइट किंवा चकचकीत फरशी लावली की ओल दिसेनाशी होते, म्हणून लोक लावतात. ती गेलेली नसते. बाहेर पडायची जागा बंद झाल्यामुळे ती भिंतीतून वर चढते आणि फरशी संपते तिथे, छातीच्या उंचीवर, पोपडे सुटू लागतात.

ओल जमिनीतून येते की हवेतून, हे ओळखायची सोपी रीत आहे. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली दमट हवा गार भिंतीवर थिजते आहे, आणि त्यावर खिडकी उघडणं हाच उपाय.

शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचं पाणी आलं तर नियम वेगळे. जुलै २०१९ आणि ऑगस्ट २०२४ चे पूर शहराला आठवतात. पाणी ओसरल्यावर चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, वाळल्यावर तो लाकडाच्या कोरीव कामात घट्ट बसतो. दारं-खिडक्या दिवसरात्र उघड्या ठेवा. फुगलेली दारं तासू नका, सुकल्यावर ती आपली आपण बसतात, तासलेली मात्र पुढे सैल होतात. विटांची जाड भिंत आतून सुकायला महिने लागतात. वरून कोरडी लागली म्हणून महिन्याभरात रंग लावायला घेऊ नका.

सिमेंट काढणं

हे काम छिन्नी आणि लहान हातोडीचं. मशीनच्या धक्क्याने मऊ जुन्या विटांच्या कडा फुटतात आणि मातीत रचलेल्या भिंतीचा गाभा आतून ढिला होतो. आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून पोकळ वाजणारे भाग शोधा आणि तिथून सुरू करा. छिन्नी भिंतीला आडवी, जवळजवळ समांतर धरा. विटेला इतकं घट्ट बसलेलं सिमेंट असेल की वीट तुटून येते, तर तेवढा तुकडा तसाच राहू द्या.

आतल्या भिंतींवरचे रंगाचे थर खरवडण्याआधी थांबा. रावपुऱ्यात भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. ते १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, आणि त्यांच्या वाड्यातल्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. त्या काळातल्या दुसऱ्या घरातही सफेदीच्या थरांखाली वेलबुट्टी किंवा चित्र निघू शकतं. दिवाणखाना, देवघर आणि जिन्याजवळच्या भिंतींवर दोन-तीन ठिकाणी बोटभर चौकोनात, धारदार पातीने, एकेक थर हलक्या हाताने उचलून बघा. रंग दिसला तर तिथेच हात थांबवा आणि भित्तिचित्रांचं काम करणाऱ्या जाणकाराला दाखवा. पाण्याने पुसू नका.

सिमेंट निघाल्यावर विटांवर पांढरा क्षार फुलून येईल. तो कोरडाच, मऊ ब्रशने झाडा आणि खाली कागद धरून गोळा करून टाका. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत विटेत शिरतो. क्षार हट्टी असेल तर कागदाचा लगदा क्षारविरहित पाण्यात भिजवून बोटभर जाडीत भिंतीवर थापा आणि पूर्ण वाळल्यावर काढा. क्षार लगद्यात ओढला जातो. दोन-तीनदा करावं लागतं, आणि दर वेळी लगदा नवा घ्यायचा.

चुना

बाजारात मिळणारी चुन्याची भुकटी सफेदीला चालते. गिलाव्यासाठी चुनकळी, म्हणजे न विझलेला कळीचा चुना, आणून घरी विझवलेली चांगली. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या, चुनकळीच्या तिप्पट, आणि त्यात कळ्या थोड्याथोड्या टाका. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळतं आणि शिंतोडे उडतात. डोळ्यांना चश्मा, हातात रबरी मोजे, जवळ स्वच्छ पाण्याची बादली, आणि मुलं लांब. डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं सतत पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

लाकडी दांड्याने ढवळत राहा, निवल्यावर बारीक जाळीतून गाळा आणि वर चार बोटं पाणी ठेवून झाका. निदान तीन आठवडे मुरू द्या, तीन महिने मिळाले तर उत्तम. मुरलेला चुना लोण्यासारखा होतो, फावड्यावर घेतला तर घसरत नाही. न मुरलेल्या चुन्यात न विझलेल्या कण्या राहतात. त्या गिलावा झाल्यावर भिंतीत विझतात, फुगतात, आणि वाटाण्याएवढे खड्डे पाडून फुटतात. गिलाव्यावर असे फुटाणे दिसले तर दोष गवंड्याच्या हाताचा नसतो, घाईचा असतो.

वाळू नदीची, खरखरीत आणि धुतलेली हवी. बडोद्यात ओरसंगची वाळू मिळते. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू आणि वर पाणी भरून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला मातीचा थर वाळूच्या थराच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल तर वाळू धुऊन घ्या. मातीमुळे गिलावा वाळताना जाळीसारखा तडकतो.

प्रमाण मापाने, वजनाने नाही. साध्या कोरड्या भिंतीला १ भाग चुना आणि ३ भाग वाळू. जोत्याजवळ, न्हाणीत आणि पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला १ भाग चुना, १ भाग सुरखी, म्हणजे दळलेल्या विटांची भुकटी, आणि २ भाग वाळू. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊनच घट्ट होतो, ओलीत त्याला हवा मिळत नाही. सुरखीतली बारीक भाजलेली माती चुन्याशी थेट जुळते, म्हणून तो मसाला ओलीतही धरतो. सुरखी कमी भाजलेल्या मऊ जुन्या विटांची, पिठासारखी दळून चाळलेली हवी. कडक भाजलेल्या आजच्या विटेचा चुरा टाकला तर ती नुसती तांबडी वाळू झाली. पहिल्या थरात बोटाच्या दोन पेरांएवढे कापलेले तागाचे धागे घातले तर तडे कमी पडतात. धागे सुटे करून शिंपडा, गोळा झाला तर तिथे फुगवटा येतो. गूळ आणि बेलफळाच्या पाण्याची मागणी जुने गवंडी करतात. ते चालतं, पण पातळ. गूळ जास्त झाला तर गिलावा दिवसेंदिवस मऊ राहतो आणि मुंग्या लागतात.

हिशेब असा: १० चौरस मीटर भिंतीला १२ मिलिमीटरचा एक थर द्यायचा, तर खाचखळगे आणि सांडलवंड धरून सुमारे ०.१५ घनमीटर वाळू आणि ५० लिटर मुरलेला चुना. त्यासाठी चुनकळी अंदाजे ३० किलो.

लावण्याआधी विटांच्या दरजा, म्हणजे मधले सांधे, १२ ते १५ मिलिमीटर खोल उकरा, ब्रशने धूळ झाडा. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी पुन्हा. भिंत ओलसर हवी, पाणी ओघळत नको. पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, थापीने जोरात फेकून मारलेला, म्हणजे दरजांत शिरतो. तो घट्ट होऊ लागला की काट्याने आडव्या-उभ्या रेघा ओढा. नखाने दाबून खूण उमटेनाशी झाली की दुसरा थर ८ ते १० मिलिमीटर. शेवटचा हात २-३ मिलिमीटर, बारीक चाळलेल्या चुन्याचा आणि संगमरवरी भुकटीचा.

त्यानंतरचे दहा दिवस खरे कामाचे. भिंतीपासून हातभर अंतरावर ओलं गोणपाट टांगा, दिवसातून तीन-चार वेळा पाण्याचा बारीक फवारा मारा. पाईपने धार मारू नका. ऊन आणि वारा लागून गिलावा आधी वाळला तर तो घट्ट होतच नाही, हात फिरवला की पिठासारखा गळतो. गवंड्याची मजुरी ठरवताना हे दहा दिवसही त्यातच धरा, नाहीतर चौथ्या दिवसापासून पाणी मारायला कुणी येत नाही.

मोठं काम काढण्याआधी मागच्या भिंतीवर एक मीटर चौकोनाचा नमुना करून दोन आठवडे बघा. बारीक तड्यांची जाळी आली तर चुना जास्त झाला किंवा भिंत कोरडी होती. थापीखाली सुटून खाली आला तर मसाल्यात पाणी जास्त आहे.

वर प्लॅस्टिक रंग लावलात तर सगळं मुसळ केरात. चुन्याची सफेदीच लावा, दुधासारखी पातळ, तीन ते पाच हात, प्रत्येक वेळी भिंत आधी ओलसर करून. रंग हवा असेल तर गेरू, रामरज असे मातीचे रंग चुन्याला सोसतात. चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून कमी घाला, नाहीतर हाताला लागत राहतो.

लाकूड

जुन्या सागाचा गाभा वाळवीला सहसा बधत नाही. बिघाड सापडतो तो तीन ठिकाणी: भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं, ओट्यावरच्या खांबांचे तळ आणि गाभ्याबाहेरचं फिकट लाकूड असलेल्या कड्या. टोकदार अणीने टोचून बघा. दोन-तीन मिलिमीटर गेली तर ठीक, बोटाचं पेर आत गेलं तर आतलं लाकूड कुजलं आहे. रंगाने वरून गुळगुळीत दिसणारी तुळई भिंतीपाशी पोकळ निघू शकते, म्हणून टोचायचं तिथेच.

भुंग्याची छिद्रं दिसली म्हणजे भुंगा जिवंत आहे असं नाही. मदळाखाली काळा कागद ठेवा आणि आठवडाभराने बघा. कागदावर मैद्यासारखा ताजा फिकट भुसा पडला असेल तर जिवंत आहे. वाळवीचंही तसंच: मातीच्या नळीचा दोन बोटं तुकडा मोडा आणि तीन दिवसांनी बघा. नळी पुन्हा जोडलेली असेल तर जमिनीतल्या वारुळापर्यंत जावं लागेल, आणि ते परवानाधारक माणसाचंच काम. आतल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं गरम पाण्यातलं द्रावण ब्रशने तीन-चार वेळा पाजता येतं. बाहेरच्या लाकडाला ते उपयोगाचं नाही, पावसात धुऊन जातं.

तुळईचं टोक कुजलं असेल तर पूर्ण तुळई बदलायची घाई नको. आधी धिरे, म्हणजे तात्पुरते टेकू. वरच्या मजल्यावर धिरा दिला तर त्याच्या बरोबर खाली तळमजल्यावरही धिरा हवा, थेट जमिनीपर्यंत. नाहीतर वरचा सगळा भार खालच्या कडीपाटावर येतो, आणि अपघात बहुतेक इथेच होतात. धिऱ्याखाली जाड फळी, वर पाचर. पाचर ठोकून फक्त भार घ्यायचा, तुळई उचलायची नाही. शंभर वर्षांत वाकलेलं लाकूड एका दिवसात सरळ केलं तर वरची भिंत तडकते. मग कुजका भाग कापून, पक्क्या वाळवलेल्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट. खिळे नकोत, पितळी किंवा स्टेनलेस बोल्ट वापरा. भिंतीत परत बसवताना टोकाखाली दगडाची चीप ठेवा आणि बाजूंनी बोटभर हवा मोकळी सोडा. टोक सिमेंटने चिणलं की ते पुन्हा कुजणारच. मुख्य तुळई असेल तर जुन्या लाकडी बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय करवत लावू नये.

कोरीव सज्जावर ऑइलपेंटचे थर चढलेले असतात. जुन्या रंगांत शिसं असण्याचा संभव धरूनच चाला: ब्लोलॅम्प नको, कोरडा सॅंडपेपर नको. लेपाचा पेंट रिमूव्हर आधी हातभर जागेवर लावून बघा, बांबूच्या तासलेल्या काडीने नक्षीतून रंग काढा. साफ लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात, पहिला हात पातळ, अर्ध्या तासाने वरचं तेल पुसून घ्या. पुसलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. त्या पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. लाकडी घरात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

भिंतीतले आडवे लाकडी पट्टे एसीच्या नळीसाठी किंवा विजेच्या पाईपसाठी कापू देऊ नका. घर हादरलं तर भिंत एकसंध धरून ठेवतात ते हेच. छिद्र पाडण्याआधी ठोकून पट्टा कुठून जातो ते शोधा आणि त्याच्या वर किंवा खाली जा. एसीचं पाणी मदळावर टपकत असेल तर आजच नळी लावून ते लांब न्या.

शेजारचं घर पाडलं जातं तेव्हा

गल्लीतली घरं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी असतात. बऱ्याच ठिकाणी मधली भिंत दोघांची एकच असते आणि तिच्यात दोन्ही बाजूंच्या तुळया शिरलेल्या असतात. शेजारी घर पाडून नवीन इमारत बांधणार हे कळलं की पाडकामाआधी चार गोष्टी करून घ्या.

एक, मधल्या भिंतीचे आणि तिला लागून असलेल्या प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो, शेजाऱ्याच्या सहीने. दोन, तड्यांवर दोन्ही बाजूंना चुन्याच्या गुळगुळीत पट्ट्या करून त्यावर काचेची पातळ पट्टी चिकटवा आणि तारीख लिहा. काच तुटली तर भिंत हलते आहे. तीन, पाडणाऱ्याला लेखी सांगा की मधल्या भिंतीत शिरलेली तुळई ओढून काढायची नाही, भिंतीपासून वीतभर अंतरावर करवतीने कापायची. ओढली की आपल्या बाजूच्या विटा सोबत येतात. चार, पाया खणताना आपल्या भिंतीलगत एकदम लांब चर नको. मीटर-दीड मीटरचे तुकडे, एक सोडून एक, आणि एक भरल्यावरच दुसरा.

पाडल्यावर जी बाजू उघडी पडते ती भिंत आयुष्यात पहिल्यांदाच पाऊस बघणार असते. तिथे आतल्या कामाच्या मऊ विटा असतात, कोनाडे असतात, तुळयांची रिकामी छिद्रं असतात. छिद्रं विटा आणि चुन्याने भरा, पूर्ण भिंतीला सुरखीच्या मसाल्याचा गिलावा द्या, आणि वरच्या कडेला कौलांची किंवा पत्र्याची झालर बाहेर काढा. पावसाळा तोंडावर असेल तर निदान ताडपत्री बांधा, पण भिंतीपासून हातभर दूर, खालून हवा जाईल अशी.

कागदपत्रं

तांबेकर वाडा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. १०० मीटरांतलं घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल तर त्याच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. रावपुऱ्यात आणि दांडिया बाजाराच्या त्या बाजूला घर असेल तर काम ठरवण्याआधी अंतर मोजून घ्या. अर्जासोबत घराचे नकाशे, चारी बाजूंचे फोटो आणि कामाचं वर्णन द्या, त्यात "पाडून बांधणे" असा शब्द येऊ देऊ नका. घर सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्या.

काम संपल्यावर उरलेला मुरलेला चुना फेकू नका. झाकणाच्या पिंपात वर पाणी ठेवून माळ्याखाली सावलीत ठेवा. पाणी आटू दिलं नाही तर तो वर्षानुवर्षं खराब होत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात सुटलेला पोपडा त्याच चुन्याने, त्याच वाळूने भरता येतो. पिंपावर तारीख आणि मसाल्याचं प्रमाण ऑइलपेंटने लिहून ठेवा.